कंटकचर्मी प्राण्यांचा स्लाइड-स्पेसिमेन संच: बरण्या राहू द्या, स्लाइड्स घ्या

यंदा आमच्या ज्युनियर कॉलेजच्या बायोलॉजी लॅबसाठी एकायनोडर्मचा म्हणजे कंटकचर्मी प्राण्यांचा संच मागवला, त्याचा हा रिव्ह्यू. लांब झाला आहे, पण असल्या सामानाबद्दल मराठीत कोणी काही लिहीतच नाही, मास्तर लोक कॅटलॉगमधला फोटो पाहून ऑर्डर देतात, सामान येते, कपाटात जाते आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला स्पॉटिंगपुरते बाहेर निघते. पैसा पोट्ट्यांच्या फीमधलाच असतो ना राजेहो, म्हणून नीट सांगतो काय घ्यायचं आणि काय नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. वर्गातल्या बहुतेक पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि कोणी मुंबईला गेलंच असेल तर मरीन ड्राइव्हचा कठडा पाहून आलं, त्यात तारामासा काही दिसत नाही. खारं पाणी म्हटलं की आमच्याकडं लोणार आठवते, पण लोणारच्या पाण्यात हे प्राणी सापडत नाहीत, ते पाणी खारं असलं तरी भयंकर क्षारीय आहे आणि कंटकचर्मींना शरीरातल्या मिठापाण्याचा तोल नीट सांभाळता येत नाही म्हणून ते फक्त समुद्रातच राहतात, गोड्या पाण्यात तर त्यांची एकही जात नाही. म्हणजे विदर्भातल्या पोट्ट्याला हा अख्खा संघ, म्हणजे या प्राण्यांचा पूर्ण गट, फक्त पुस्तकात, चार्टवर नाहीतर अशा विकतच्या संचात भेटतो. एनसीईआरटीतली पाच नावं, ॲस्टेरियस (तारामासा), एकायनस (सी अर्चिन), अँटेडॉन (फेदर स्टार), कुकुमारिया (सी ककंबर), ओफियुरा (ब्रिटल स्टार), नीटची तयारी करणारी पोरं झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतात, पण त्यातला एकही प्राणी त्यांनी हातात धरलेला नसतो.

संच नागपुरातल्या एका दुकानातून आला. नाव देत नाही, कारण हेच सामान वेगवेगळ्या लेबलखाली दहा ठिकाणी भेटते आणि मला दुकानाशी भांडायचं नाही, सामानाबद्दल बोलायचं आहे. पेटीत होतं ते असं: वाळवलेला तारामासा, काट्यांसकट वाळवलेला सी अर्चिन, एका बरणीत ब्रिटल स्टार, एका बरणीत फेदर स्टार, लाकडी डब्यात तयार स्लाइड्स आणि एक माहितीपत्रक. मायक्रोस्कोपच्या आयपीसमध्ये बसणारा यूएसबी कॅमेरा वेगळा घेतला. सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेलं, त्यात कॅमेरा जवळपास अर्धा.

पास-नापास ठरवायला माझी एकच कसोटी होती, संचात पकड दिसते का. म्हणजे काय ते सांगतो. या प्राण्यांना डोकं नाही, मेंदू नाही, बोटं असलेला हात नाही. तरी त्यांचं सगळं जगणं धरण्यावर चाललेलं असतं, खडक धरायचा, लाटेत टिकायचं, वाहत येणारं अन्न धरायचं, अंगावर बसू पाहणारी घाण आणि दुसऱ्यांची पिल्लं धरून फेकायची. आणि या प्राण्यांच्या दर गटानं त्यासाठी वेगळं हत्यार घडवलेलं आहे. पोरांना हे दिसलं तर बाकीचं वर्गीकरण आपोआप डोक्यात बसते, नाही दिसलं तर पाच नावांची पोपटपंचीच राहते.

आता बरण्या. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. ब्रिटल स्टारच्या बरणीत प्राणी आहे, पाच हात आहेत, मधली चकती आहे, पण हात सगळे कडक होऊन तळाशी दाबून बसलेले, दोनाची टोकं तुटून खाली पडलेली. तुटणं एक वेळ समजू शकतो, हे प्राणी जिवंतपणीसुद्धा शत्रूनं पकडलं की हात सोडून देतात आणि नवा उगवतात, नावच त्यावरून पडलं आहे. माझी तक्रार द्रवाबद्दल आहे. बरणीत साधं फॉर्मलिन भरलेलं. झाकण उघडून निळा लिटमस बुडवला तर लाल झाला. फॉर्मलिन जुनं होत गेलं की त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होते आणि या प्राण्यांचा सांगाडा असतो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे बरणीतला द्रवच हळूहळू प्राण्याला खाऊन राहिला आहे. भिंगाखाली पाहिलं तर हातावरच्या बारीक काट्यांची टोकं बोथट झालेली, काही ठिकाणी काटे विरघळून नुसते उंचवटे राहिलेले. ज्या काट्यांसाठी प्राणी मागवला तेच गेलेले! कंटकचर्मी प्राणी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचे असतात, किंवा फॉर्मलिनच वापरायचं तर त्यात टाकणखार घालून त्याचं आम्ल मारायचं असते, ही काही गुपित माहिती नाही, पुरवठादाराला माहीत असायलाच पाहिजे. मी टाकणखार घालून द्रव बदलला. अल्कोहोल बरं पडलं असतं, पण आमचा जिल्हा दारूबंदीचा, लॅबसाठी स्पिरिट आणायचं तरी कागदं नाचवावी लागतात.

फेदर स्टारची बरणी त्यातल्या त्यात बरी, तिच्याकडं नंतर येतो.

वाळवलेले नमुने ठीक आहेत. तारामाशाच्या वरच्या बाजूला काट्यांच्या बुडाशी दहापट भिंग लावून पाहिलं तर बारीक बारीक दाणे दिसतात, ते दाणे म्हणजेच पेडिसेलॅरिया, त्याचे चिमटे. सी अर्चिनला तोंडाच्या भोवतीच्या चामड्यावर काही अजून चिकटून आहेत. वाळलेला नमुना उन्हाळ्यात खराब होत नाही, आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लॅब बंद असते आणि आत भट्टी होते, त्यात हे टिकतात. फक्त डांबरगोळी ठेवा आणि पोरांना सांगा की काटे मोडायचे नाहीत.

आता स्लाइड्स. यासाठी पैसे द्या, बिनधास्त द्या.

सगळ्यात आधी ब्रिटल स्टारच्या हाताच्या टोकाची स्लाइड. लेबलवर ओफियुरा लिहिलं आहे, पण आतला हात ओफियुराचा नाही. ओफियुराचे काटे आखूड असतात आणि हाताला चिकटून झोपलेले असतात. या स्लाइडमधले काटे लांब, बाहेर ताठ निघालेले, काचेसारखे पारदर्शक आणि काठाला दातेरी आहेत, म्हणजे हा ओफियोथ्रिक्स किंवा त्याच्या जवळच्या नात्यातला आहे. लेबल चुकलं ही चूकच, पण पोरांसाठी हा उलट जास्त कामाचा प्राणी आला. कारण ओफियोथ्रिक्सच्या हाताच्या टोकाकडं सगळ्यात खालचा काटा हा काटा राहतच नाही, त्याचा आकडा झालेला असतो. ४ च्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे ४० पटीवर, हाताचा एकेक सांधा दिसतो आणि दर सांध्याच्या दोन्ही बाजूला काट्यांची रांग. मग १० च्या ऑब्जेक्टिव्हवर या, स्लाइड टोकाकडं सरकवा आणि रांगेतला तळाचा काटा शोधा. वरचे सरळ, आणि खालचा वाकडा, वाकलेल्या बाजूला एकाखाली एक बारीक दाते. आमच्या बांधावरच्या बोरीला काट्यांची जोडी असते, एक सरळ आणि एक वाकडा, सरळ टोचतो आणि वाकडा सदऱ्याला धरून ठेवतो, अगदी तीच वाटणी इथं समुद्रातल्या प्राण्याच्या हातावर आहे. मी हे बोललो आणि वर्गातली पोट्टी लगेच म्हणाली, सर म्हणजे मागं ओढलं की जास्त रुततो. बरोबर. बोर वेचलेल्या पोरीला पुस्तकातली व्याख्या लागत नाही.

हा आकडा त्याला लागतो कशाला, तर ओफियोथ्रिक्ससारखे बरेच ब्रिटल स्टार स्पंजावर, दगडाच्या कपारीत, दुसऱ्या प्राण्यांच्या अंगावर राहतात. एक-दोन हातांनी घट्ट धरून बसायचं आणि बाकीचे हात प्रवाहात वर काढायचे, त्या हातांवरचे चिकट ट्यूब फीट, म्हणजे नळीसारखे बारीक मऊ पाय, पाण्यातले कण टिपतात आणि गोळी करून तोंडाकडं पाठवतात. धरलेला हात सुटला की प्राणी वाहून गेला. एवढ्याशा आकड्यावर सगळं तोललेलं आहे.

माहितीपत्रकात इथं चूक आहे, वर्गात वाचून दाखवू नका. त्यात लिहिलं आहे की ब्रिटल स्टार तारामाशासारखाच ट्यूब फीटनं दगडाला चिकटून चालतो. नाही. त्याच्या ट्यूब फीटला टोकाला चकती नसते. तो चालतो हातांनी, पूर्ण हात वल्ह्यासारखे मारत, आणि तारामाशापेक्षा कितीतरी जोरात. पुढं असंही लिहिलं आहे की त्याला पेडिसेलॅरिया असतात. त्याही नसतात, त्या तारामासा आणि सी अर्चिन यांच्याकडं. ब्रिटल स्टारनं चिमटे न घेता अख्ख्या हातालाच पकड बनवलं आहे.

ते कसं, हे हाताच्या आडव्या छेदाच्या स्लाइडमध्ये कळते. ही स्लाइड नुसती पाहिली तर कंटाळवाणी वाटते, मधात एक मोठा गोळा आणि भोवती पट्ट्या. पण तो मधला गोळा म्हणजे मणका. खरंच मणका म्हणतात, व्हर्टिब्रल ऑसिकल, आपल्या मणक्याशी त्याचं नातं काही नाही. हाताच्या दर सांध्यात एक असतो आणि हाताची जवळपास पूर्ण पोकळी त्यानंच भरलेली, दोन मणक्यांच्या मधात स्नायूंचे चार गठ्ठे, दोन वर दोन खाली. बाहेरून चार ढाली, एक वर, एक खाली, दोन बाजूला, आणि काटे त्या बाजूच्या ढालींवर. एवढं पोरांनी वहीत काढलं की त्यांना मग विचारा, हा हात कुठं वाकेल. बहुतेक ब्रिटल स्टारमध्ये मणक्यांचे सांधे असे असतात की हात डावीउजवीकडं सहज वळतो, वरखाली कमी. पण यांच्यातलाच एक गट, युरियालिडा, त्यांच्या मणक्यांचा सांधा असा असतो की हात वरखाली पण वळतो, वेटोळं घालू शकतो, पार गोल गुंडाळू शकतो. बास्केट स्टार त्यातलेच. त्यांच्या हाताला फांद्या, फांद्यांना फांद्या, असं करत शेवटी बारीक तंतूंचं जाळं, आणि त्या तंतूंवर ठराविक अंतरावर सूक्ष्म आकड्यांचे पट्टे, कमरपट्ट्यासारखे गोल फिरलेले. रात्री जाळं प्रवाहात पसरायचं, क्रिलसारखा छोटा जीव आकड्यात अडकला की ती फांदी त्याच्याभोवती गुंडाळायची आणि सावकाश तोंडाकडं न्यायची. गॉर्गोनोसेफॅलस नावाच्या थंड समुद्रातल्या प्रकारात हे नीट अभ्यासलं गेलं आहे. संचात बास्केट स्टारची स्लाइड नाही आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात मोठी उणीव. दुकानदाराला मी म्हटलं, भाऊ, बास्केट स्टारच्या फांदीचा एक तुकडा जरी स्लाइडवर दिला तरी हा संच दुप्पट किमतीत घेईन. तो म्हणाला, सर, मालच येत नाही. असो.

आणखी एक राहिलं. फक्त कण टिपणारेच ब्रिटल स्टार असतात असं नाही. ओफियाराक्ना इन्क्रासाटा नावाचा एक मोठा हिरवा ब्रिटल स्टार हातांवर अंग उचलून खाली सावलीची जागा करतो, छोटा मासा आसऱ्याला आत शिरला की हात पिळत खाली बसतो आणि मासा मधात सापडतो. मत्स्यालय ठेवणारे लोक त्याला म्हणूनच छोट्या माशांसोबत ठेवत नाहीत.

आता चिमट्यांच्या स्लाइड्स. सी अर्चिनची स्लाइड फार सुंदर आली आहे, रंग चांगला बसला आहे, बुडबुडे नाहीत. दांडा, दांड्यात कॅल्शियमची काडी, आणि वर तीन जबड्यांचं डोकं. तारामाशाच्या चिमट्याला साधारण दोन जबडे असतात, अर्चिनच्या चिमट्याला तीन, हा फरक पोरांनी स्वतः मोजून सांगितला पाहिजे. अर्चिनकडं हे चिमटे चार प्रकारचे असतात. लांब जबड्यांचे तीनदाती, ते मोठ्या त्रासासाठी. अगदी छोटे, पानासारख्या जबड्यांचे, ते झाडझूड करत राहतात, अंगावर पडलेली बारीक धूळ साफ. तिसरा प्रकार ओफिसेफॅलस, त्याच्या जबड्यांच्या बुडाला कड्या असतात आणि मिटल्यावर त्या एकमेकींत अडकतात, त्यामुळं एकदा धरलं की धरून ठेवायला फार ताकद लागत नाही. आणि चौथा गोलडोक्या, त्यात विषाच्या ग्रंथी, शत्रूला चावला की देठातून तुटून तिथंच रुतून राहतो आणि विष सोडत राहतो. आमच्या स्लाइडमध्ये तीनदाती आणि ओफिसेफॅलस दोन्ही आहेत, कड्या २० च्या ऑब्जेक्टिव्हवर, नसेल तर ४० वर, स्पष्ट दिसतात. हिंदी आणि प्रशांत महासागरात टॉक्सोन्यूस्टिस नावाचा अर्चिन आहे, त्याचे विषारी चिमटे एवढे मोठे आणि उघडे असतात की अंगावर फुलं फुलल्यासारखी दिसतात, फ्लॉवर अर्चिन म्हणतात त्याला, तो हातानं उचलणं धोक्याचं आहे.

पोरांना एक गोष्ट लय आवडली ती इथंच सांगतो. अठराव्या शतकात डेन्मार्कच्या ओटो फ्रीडरिश म्युलरनं हे चिमटे पाहिले तेव्हा त्याला वाटलं की हे अर्चिनच्या अंगावर राहणारे वेगळेच परजीवी प्राणी आहेत, आणि त्यानं त्यांना प्राण्यांसारखी नावंही देऊन टाकली. पेडिसेलॅरिया हा शब्द तिथलाच. स्लाइड पाहिली की त्याला तसं का वाटलं ते पटते, प्रत्येक चिमटा स्वतःचा मालक असल्यासारखा वागतो, अंगापासून तोडून ठेवला तरी टोचलं की मिटतो. पुढं याकोब फॉन उएक्सक्युल या जीवशास्त्रज्ञानं नेमका हाच अभ्यास केला, वरून हुकूम देणारा मेंदू नसताना हे शेकडो अवयव आपापल्या जागी निर्णय कसे घेतात. बारावीच्या पोरांना रिफ्लेक्स शिकवताना माणसाच्या गुडघ्याच्या आधी मी आता हे दाखवतो.

तारामाशाच्या चिमट्याची स्लाइड त्यामानानं दुय्यम आली, रंग गडद झाला आहे आणि एका कोपऱ्यात माउंटिंग पिवळं पडलं आहे. तरी ॲस्टेरियसच्या गटातला तो दोन जबडे बुडाशी एकमेकांना छेदून जाणारा प्रकार ओळखता येतो. हे चिमटे नुसते सफाईसाठी आहेत असं पुस्तकं म्हणतात, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा स्टायलास्टेरियस त्यांनी अंगावर टेकलेला मासा पकडतो, आणि अंटार्क्टिकातला लॅबिडिआस्टर, ज्याला ४० ते ५० हात असतात, तो हात पाण्यात वर धरून क्रिल पकडतो. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची पोट्टेमंडळी पण मायक्रोस्कोपच्या लायनीत येऊन उभी राहिली.

अर्चिनच्या ट्यूब फूटची स्लाइड घ्याच. टोकाच्या चकतीत कॅल्शियमच्या तुकड्यांचं कडं दिसते. इथं एक गोष्ट सगळ्या बायोलॉजी शिक्षकांना विनंती म्हणून सांगतो. आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो की ट्यूब फीट सक्शननं, म्हणजे चकती ओढून धरून, चिकटतात. आता संशोधन मुख्यतः डिंकाच्या बाजूनं आहे. चकतीतल्या काही पेशी चिकट पदार्थ सोडतात, सोडवायची वेळ आली की दुसऱ्या पेशी सुटण्याचा पदार्थ सोडतात, आणि पाय उचलल्यावर दगडावर डिंकाचा ठसा मागं राहतो. बेल्जियमच्या पॅट्रिक फ्लामाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. परीक्षेत पोरांनी पुस्तकातलं लिहावं, पण खरं काय ते त्यांना माहीत असावं.

आता एक प्रयोग, जो माहितीपत्रकात नाही आणि असायला पाहिजे होता. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पोलरॉइड फिल्म काढा, दोन तुकडे करा, एक स्लाइडच्या खाली आणि एक आयपीसवर, आणि वरचा तुकडा फिरवत फिरवत मागचा उजेड पूर्ण विझवा. सगळं काळं होते आणि काळ्यात फक्त सांगाड्याचे तुकडे उजळून दिसतात, आकडे, काटे, चिमट्यांचे जबडे, सगळे. कारण या प्राण्यांच्या सांगाड्याचा प्रत्येक तुकडा जाळीदार असला तरी प्रकाशाच्या दृष्टीनं कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, एकच स्फटिक असतो. स्लाइड फिरवली की एकेक तुकडा विझतो, पुन्हा पेटतो. आकड्याची स्लाइड अशी लावली आणि कॅमेऱ्यानं टीव्हीवर टाकली तेव्हा शेजारच्या आर्ट्सच्या वर्गातून पोरं पाहायला आली. रंगवलेल्या स्लाइडपेक्षा बिनरंगाच्या स्लाइडवर हे जास्त चांगलं दिसते, म्हणून ऑर्डर देताना ब्रिटल स्टारच्या हाताची बिनरंगाची स्लाइड मागा.

फेदर स्टारची बरणी. पुस्तकात अँटेडॉनला सी लिली म्हटलं आहे आणि पोरं त्यामुळं देठाची कमळासारखी वस्तू शोधत राहतात, पण मोठ्या अँटेडॉनला देठ नसतो, लहानपणी असतो आणि मग तो प्राणी त्यावरून सुटतो. सुटल्यावर धरायला त्याच्या बुडाशी सिराय नावाचे वाकडे आखूड पाय असतात, सांध्यासांध्यांचे, टोकाला नखी. आमच्या नमुन्याचे सिराय शाबूत आहेत आणि अजूनही आतल्या बाजूला वळलेले आहेत, नख्या भिंगानं दिसतात. अचंब्याची गोष्ट म्हणजे या सिरायमध्ये स्नायू नसतात, सांध्यांच्या मधात फक्त लिगामेंट, म्हणजे तुकडे एकमेकांना बांधणारे तंतू, आणि त्यावरच प्राणी तासन्‌तास खडक धरून बसतो. कंटकचर्मींच्या लिगामेंटचा कडकपणा त्यांच्या मज्जातंतूंच्या ताब्यात असतो, पाहिजे तेव्हा ताठ, पाहिजे तेव्हा सैल. म्हणून ही एक बरणी घ्यायला माझी हरकत नाही, पण द्रव तपासून घ्या.

यूएसबी कॅमेरा चांगला. चित्र थोडं निळसर येते, सेटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स केलं की जाते. आमच्याकडं दुपारची लाइट जाते तेव्हा टीव्ही बंद, पण कॅमेरा लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो आणि आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीच्या उजेडावर, त्यामुळं तास वाया जात नाही. नुसता एलईडीवाला, प्लगवर चालणारा मायक्रोस्कोप खेड्यातल्या कॉलेजनं घेऊ नये असं माझं मत आहे, आरसा असलेला एक तरी ठेवा.

सेवेबद्दल. एक स्लाइड येताना तडकलेली निघाली, फोटो पाठवला, दुसरी एसटीच्या पार्सलनं आली, पैसे मागितले नाहीत. इथं दुकानाला पूर्ण मार्क. पण फोनवर त्यांनी एक गोष्ट विचारली, सर, सी ककंबर पण पाहिजे का, स्वस्तात लावून देतो. मी सरळ नाही म्हटलं. सी ककंबरच्या सगळ्या जाती २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. प्रवाळ आणि सी फॅनलाही तेव्हाच संरक्षण मिळालं. जुन्या लॅबमध्ये आधीपासून असलेली बरणी वेगळी, पण नवीन खरेदी करू नका, बिलावर प्राचार्यांची सही असते आणि उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर येईल. त्यापेक्षा मोठी गोष्ट, तो प्राणी समुद्रात कमी होत चालला आहे. कुकुमारिया चार्टवरून शिकवता येते.

मार्क द्यायचे तर स्लाइड्सना पाचपैकी साडेचार, कॅमेऱ्याला चार, वाळलेल्या नमुन्यांना साडेतीन, बरण्यांना दीड, माहितीपत्रकाला एक. दुकानदाराला मी लिहून दिलं आहे की पूर्ण संच विकायचा हट्ट सोडा, स्लाइड्स सुट्या द्या, लेबलवर खरं नाव टाका आणि फॉर्मलिन बदला. सुट्या द्यायला तो तयार झाला आहे. फक्त हाताचं टोक, हाताचा आडवा छेद, अर्चिनचा चिमटा आणि ट्यूब फूट एवढ्या चार स्लाइड्स घेतल्या तरी हजाराच्या आत काम होते आणि अख्खा संघ शिकवून होतो.

आर्वी, आष्टी, कारंजा घाडगे, पुलगाव इकडच्या कोणत्या कॉलेजला ऑर्डर द्यायच्या आधी सामान डोळ्यानं पाहायचं असेल तर खुशाल या, शनिवारी सकाळी लॅब उघडी असते. पोरांना घेऊन आलात तर आणखी बरं, दहा-पंधराची तुकडी आणा, त्याहून जास्त झाली की मायक्रोस्कोप पुरत नाहीत. पोलरॉइडसाठी जुने कॅल्क्युलेटर असतील तर सोबत आणा.